गोट्यासाठी

आमच्या घरात सध्या कुणालाच स्वतःसाठी काही नको असतं. जे हवं ते गोट्यासाठी. चंद्रपूरची सहल ठरली तेव्हा वीज मंडळातून निवृत्त झालेले बाबा म्हणाले, "वीज कुठं तयार होते ते पोराला लहानपणीच कळलं पाहिजे." दादा म्हणाला, "लहान मुलांना वाघ आवडतो." आई म्हणाली, "त्याला महाकालीच्या पायांवर घालायचं राहिलंय." मला इतिहासाचं वेड, म्हणून गोंड राजांचा परकोट मीही गोट्याच्याच खात्यावर टाकला. वहिनीची एकच अट होती: कुठंही चला, पण तिथं स्वच्छ संडास हवा. तिनं मोबाइलवर केलेल्या यादीत प्रेक्षणीय स्थळ एकही नव्हतं.

पणजी, म्हणजे आईची आई, काहीच म्हणाली नाही. "मऊ भात मिळेल ना?" एवढं विचारून ती खिडकीशी बसली. खरं तर आमच्या सहलीचं वेळापत्रक गोट्यासाठी आखलं होतं, पण मापात बसलं ते पणजीच्या. दोघांना तिखट वर्ज्य, दोघांना दुपारी झोप आणि दोघांना दर तासाला गाडी थांबवून हवी.

चार वर्षांच्या गोट्याला स्वतःला काय हवं होतं, ते वरोरा ओलांडल्यावर कळलं. कोळशाचे ट्रक. समोरून ट्रक, मागून ट्रक, पेट्रोल पंपावर झोपलेले ट्रक. ताडपत्रीखालून काळी भुकटी उडवत एकेक ट्रक गेला की पोरगं सीटवर उभं राहून सलाम ठोकी. त्याची सहल तिथंच सुफळ संपूर्ण झाली होती. पुढचं सगळं आमचं.

ऊर्जानगरच्या चिमण्या दिसताच बाबांनी गाडी थांबवली. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेनं टर्बाइन फिरतं, असं करत ते २,९२० मेगावॅटपर्यंत पोचले. गोट्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजोबा, एवढी वीज आहे?"

"मग!"

"मग घरी दिवा बंद कर, दिवा बंद कर, असं का ओरडता?"

वीज मंडळाकडे याचं उत्तर नव्हतं.

जटपुरा दरवाज्यापाशी माझी पाळी आली. खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगभर फोड होते, झरपट नदीच्या पाण्यानं ते बरे झाले, मग त्याला एक ससा दिसला. आणि हा ससा चक्क कुत्र्याच्या मागं लागला होता! राणी म्हणाली, ही जागा शूरांची आहे, इथं शहर वसवा. ससा ज्या वाटेनं पळाला त्या वाटेवरून परकोट उभा राहिला. दंतकथेत शेवटी कुत्राच सशाला मारतो. तेवढा भाग मी गाळला. इतिहासलेखनात इतपत चालतं. गोट्याला ही गोष्ट भलतीच पटली, आणि संध्याकाळी पठाणपुरा दरवाज्याजवळ तो ससा झाला आणि मी कुत्रा. भिंतीच्या कडेनं मी जीव मुठीत धरून पळत असताना सायकलवरचे एक आजोबा थांबले. "काऊन पळून रायले जी?" म्हणाले. ससा मागं लागलाय, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

राणी हिराईनं आपल्या नवऱ्याची, राजा बीरशाहची, बांधलेली समाधी पाहताना आई बराच वेळ गप्प होती. बाबा भारावून म्हणाले, "बघ, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलीय." आई म्हणाली, "तुम्ही आशेवर राहू नका." महाकालीच्या दर्शनाला मग तीच पुढं चालली. चैत्रात इथं मराठवाड्यातून यात्रेकरूंचा लोंढा येतो, आता जानेवारीत गर्दी बेताची होती, म्हणून गोट्याला पायांवर घालणं निर्विघ्न पार पडलं. त्यानं फक्त प्रसादाचा नारळ पुजाऱ्याला परत मागितला.

ताडोबाला पणजी आणि आई आल्या नाहीत. पहाटेच्या थंडीत उठून वाघाच्या दारात जायचं, तेही पैसे भरून, हे पणजीला मान्य नव्हतं. मोहर्लीच्या दरवाज्यावर सगळ्यांचे मोबाइल जमा झाले. वहिनीची संडासांची यादीही त्यातच गेली. आणि आत तासभर फिरून झाल्यावर गोट्यानं जाहीर केलं, "सुसू."

"पोराले खाली उतरवता येत नाही जी," गाईड म्हणाला. "नियम आहे. थोडं पुढं सोय आहे, दहा मिनिटं."

ड्रायव्हरनं जिप्सी पळवली. वळण घेतलं आणि करकचून ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध वाघीण बसली होती. पुढं दोन जिप्सी, मागून आणखी तीन येऊन चिकटल्या. सगळीकडे नुसते श्वास आणि कॅमेऱ्यांची टकटक. वाघिणीनं पंजा चाटला, कूस बदलली, शेपटी एकदा आपटली आणि डोळे मिटून घेतले. देशभरातून आलेली माणसं ती अशीच बसून राहावी म्हणून देव पाण्यात घालून होती. आमचं कुटुंब मात्र ती उठावी म्हणून. वहिनी पुटपुटत होती, "ऊठ गं बाई, ऊठ गं." गोट्याचा चेहरा लाल झाला. दादानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि बाबांच्या मांडीवरची तांब्याची बाटली उचलली. रोज पहाटे ते तिच्यातलंच पाणी पितात, तब्येतीसाठी.

"अरे, ती—" बाबा म्हणाले. मग त्यांनी वाघिणीकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

काम झाल्यावर वाघीण उठली. शेजारच्या सागाकडं पाठ करून शेपटी वर केली, खोडावर पिचकारी मारली आणि जंगलात गेली. "हद्द आखली तिनं," गाईड हळूच म्हणाला. "इथून पुढं माझं, असं सांगते ती दुसऱ्या वाघाले." गोट्यानं तांब्याच्या बाटलीकडं पाहिलं आणि म्हणाला, "ही आता माझी." बाबांनीही हक्क सांगितला नाही.

मार्कंड्याला जायचं पणजीच्या मनात होतं, हे आम्हाला मूल ओलांडल्यावर समजलं. वैनगंगा तिथं उत्तरेला वळते, म्हणून त्या स्नानाला महत्त्व. मंदिरांच्या भिंती खालपासून वरपर्यंत कोरलेल्या; बघता बघता मान दुखते. पणजीनं सोळा वर्षांचं आयुष्य घेऊन आलेल्या मार्कंडेयाची गोष्ट सांगितली. यम आला, पोरानं पिंडीला मिठी मारली, यमाला हात हलवत जावं लागलं. "पणजी, तुझ्याकडे यम आला तर?" गोट्यानं विचारलं. "सांगेन त्याला, जेवण व्हायचंय."

परतताना रात्री एका गावाबाहेर मंडप दिसला, दिवे, कर्ण्यावर गाणी. झाडीपट्टीचं नाटक! दिवाळी ते होळी हा इकडचा हंगाम, मंडळ्या वडशाच्या, आणि प्रयोग रात्रभर. "थांबव," पणजी म्हणाली. दादा म्हणाला, "आजी, गोट्याची झोपायची वेळ झाली." "झोपू दे की. मी काय त्याला स्टेजवर चढवतेय?"

तिकिटं काढून आम्ही खुर्च्यांवर बसलो. पहिल्या अंकात खलनायकानं सून घराबाहेर काढली, इथपर्यंत मला आठवतं. मग शाल डोक्यावरून घेतली. दादा-वहिनी एकमेकांवर कलंडले होते, बाबा घोरत होते, आई सतरंजीवर केव्हाच आडवी.

"उठा रे, संपलं," पणजीनं हलवलं तेव्हा उजाडायला आलं होतं. तिच्या मांडीवर गोट्या टक्क जागा, हातात शेंगदाण्याची पुडी.

"सून शेवटी घरी आली," त्यानं मला सांगितलं. "पण सासऱ्याला पोलिसांनी नेलं. बरं झालं."

"सासरा नव्हे रे," पणजी म्हणाली, "दीर."

गाडीत बसेपर्यंत दोघांचा त्यावरून वाद चालू होता.