पेटी उघडावी कशी: भोपाळच्या जवाहर चौकातल्या नवशिक्यांसाठी

पियानोचा हट्ट आधी सोडा. ८८ पट्ट्या, सव्वादोनशेच्या आसपास तारा आणि त्यांचा काही टनांचा ताण पेलणारी बिडाची चौकट. जवाहर चौकाजवळच्या क्वार्टरमध्ये तो आत आला, तर तुम्ही व्हरांड्यात. आपण आपली बाजाची पेटी घेऊ.

ती विकत घ्यायची नाही, माळ्यावरून उतरवायची. येवल्याच्या तात्या टोप्यांच्या नावाने वसलेल्या या नगरात स्मार्ट सिटीसाठी जुनी सरकारी क्वार्टर्स पाडली, तेव्हा सामानाच्या आवराआवरीत आजोबांच्या पेट्याही खाली आल्या. कबाडी ती हलवून बघेल आणि म्हणेल, ‘‘भैया, इसमें तो खाली लकड़ी है.’’ त्याला चहा पाजा, पेटी देऊ नका. पैसा लाकडात नसतो, आतल्या पितळी सुरांत असतो. ते जर्मन किंवा पॅरिसचे निघाले, तर ही बातमी मेव्हण्यापर्यंत जाऊ देऊ नका. पालीताण्याचे निघाले तरी वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

साहित्य: मऊ ब्रश, पातळ कागद, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, जुनी बनियन. फेव्हिकॉलही आणा आणि शेजारच्या वहिनींकडे ठेवायला द्या. जुनी कातडी सरसाने चिकटवलेली असते, कोमट पाण्याच्या फडक्याने सुटते. फेव्हिकॉल लावलात, तर पुढचा कारागीर ती तासून काढेल आणि तासताना तुमच्या कुळाचा उद्धार करेल.

आता भाता. एकही पट्टी न दाबता तो पूर्ण भरा आणि सोडून द्या. सावकाश बसला तर तुम्ही नशीबवान. सुस्कारा टाकून बसला तर घडीच्या कोपऱ्यात कातडं फाटलंय, तिथे पातळ कातड्याचं ठिगळ लावा. भोपाळच्या पावसाळ्यात हे काम काढू नका. लाकूड फुगलेलं असतं, पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि नसलेला दोष सापडतो.

झाकण काढल्यावर झुरळाचं अंडं, उदबत्तीची काडी, बनातीला कसरीने पाडलेली भोकं आणि क्वचित १० पैसे मिळतील. दहा पैसे तुमचे. मुका सूर बहुतेक वेळा मेलेला नसतो. पितळी जिभेखाली कचरा अडकलेला असतो. कागद हळूच सरकवा, फुंकर मारू नका. थुंकीने पितळ काळं पडतं.

सूर लावण्याचं काम मात्र कारागिराचं. जीभ टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो, आणि घासलेलं पितळ परत येत नाही. नवशिक्या चढवतो, उतरवतो, पुन्हा चढवतो. शेवटी ती जीभ तुटते. एवढं वाचूनही कानस हातात घेतलीच असेल, तर निदान कानाकोपऱ्यातला एखादा मंद्रातला सूर निवडा.

पॉलिश सर्वांत शेवटी. दुकानातली नवी पेटी आधी पॉलिशच दाखवते, हा तिचा आणि आपला मूळ मतभेद.

पाहुणे म्हणतील, ‘‘हे तर परदेशी वाद्य.’’ म्हणू द्या. १८४२ साली पॅरिसमध्ये देबां यांनी पेटंट घेतलेलं वाद्य पायाने चालायचं; कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ते हातभात्याचं करून आपल्या मांडीशी आणलं. १९४० मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. गोविंदराव टेंब्यांनी पेटीवर नाव काढलं ते या बंदीच्याही कितीतरी आधी.

पेटी बोलू लागली की भजनी मंडळाच्या काकू काळी पाच वाजवून बघायला येतील आणि जाताना, ‘‘गणपतीत दहा दिवस देशील ना रे?’’ म्हणतील. म्हणून एक सूर मुद्दाम मुका ठेवा. ‘‘देतो की काकू, एवढं काम झालं की.’’