दुरुस्ती : कोशातील एक नोंद, अभिनयासह

(टेबलावर जाड कोश. कोशकार अजिबात न हसता वाचतो.)

दुरुस्ती : स्त्रीलिंगी नाम, मूळ फारसी. दुरुस्त म्हणजे ठीक. शरीर ठीक असेल तर तंदुरुस्त, यंत्र ठीक नसेल तर नादुरुस्त. लिफ्ट बहुतेक दुसऱ्या वर्गात मोडते. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, पुढे सावरकरांनी भाषाशुद्धी मांडली. दुरुस्ती या दोन्हींतून सुखरूप निसटली. शुद्धी हा शब्द हाताशी होता, पण स्कूटरची शुद्धी करून घ्यायला गॅरेजात कोणी जात नाही.

(पान उलटतो.)

उपयोग : छत गळत असल्यास डागडुजी. पुस्तकात शुद्धिपत्र, त्यातही एखादी चूक ठेवण्याची प्रथा आहे. हिशेबाखाली ‘चूकभूल द्यावी घ्यावी’, म्हणजे दुरुस्तीची आगाऊ सोय.

सर्वांत प्रगत प्रकार सातबाऱ्यावर आढळतो. पांडुरंगाचा अनुस्वार गळून ‘पाडुरंग’ झाला, तर त्यास लेखनप्रमाद म्हणतात. (बोटाने हवेत टिंब देतो.) तो दुरुस्त करण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १५५. प्रमाद लेखणीचा, अर्ज पांडुरंगाचा. सोबत पुरावे, म्हणजे तो जन्मापासून अनुस्वारासहित होता याचे. मग हितसंबंधितांना नोटीस : या टिंबावर कोणाची हरकत? (प्रेक्षकांकडे रोखून पाहतो.) भावकीत एखादी निघतेच. टिंब पडायला डुलकी पुरते. चढायला तहसीलच्या खेपा.

मुंबईत दुरुस्तीला स्वतंत्र मंडळ आहे : इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. रहिवासी त्यासाठी उपकर भरतात आणि टेकूंमधून वाट काढत जिना चढतात. (तिरका होऊन चढून दाखवतो.)

सर्वोच्च प्रकार घटनादुरुस्ती, अनुच्छेद ३६८. संविधान १९५० साली लागू झाले, पहिली दुरुस्ती १९५१ साली. एवढ्या लवकर तर नव्या फ्लॅटचा नळही गळत नाही. (विचार करून) नळ गळतो. १९७६ साली, आणीबाणीत, बेचाळिसावी दुरुस्ती आली. तिने पाच वर्षांची लोकसभा सहा वर्षांची केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचावर आणली. बिघडवणे आणि निस्तरणे, दोन्हींची नोंद एकाच शब्दाखाली.

(पडदा)