लेन्सला फंगस? छे, कॅरेक्टर!

कळलं का काही? आमच्या मुळशीतल्या रिह्याच्या खाचरांत हल्ली जे चाललंय, ते चारचौघांत सांगायची सोय राहिली नाही. भातलावणी उरकून खोरं हिरवंगार झालं की पुण्याची लग्नाळू जोडपी प्री-वेडिंगला येतात, हे आता जुनं झालं. नवं असं, की सोबतचा फोटोग्राफर लाखाच्या कोऱ्या कॅमेऱ्याला अ‍ॅडॅप्टर लावून सोव्हिएत काळातली लेन्स घेऊन येतो. हेलिऑस ४४-२! ऑटोफोकस नाही, रिंग गंजल्या नळासारखी घट्ट. नवरी बांधावर अवघडून उभी, नवरदेवाच्या बुटात चिखल, आणि हा आपला दात-ओठ खात रिंग फिरवतोय.

फोटो येतो तो कसा? नवरी मधोमध लख्ख, आणि मागची झाडी तिच्याभोवती गरगर फिरतेय. कडेने तिरका येणारा उजेड लेन्सच्या नळीतच थोडा अडतो. म्हणून पानांमधून झिरपणारे उजेडाचे गोल ठिपके कडेला लांबट होतात आणि मध्याभोवती फेर धरतात. एफ २ वर पूर्ण उघडी ठेवली की हा तमाशा आणखी रंगतो. म्हणजे चक्क दोष! आणि हा म्हणतो, "त्याचेच तर पैसे आहेत, काकू!"

हा एकटाच असता तर सोडून दिलं असतं. पण सगळी जमातच तसली. जुन्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ १.४ लेन्सपैकी बऱ्याच जणींच्या काचेत थोरियम. काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. मग हे महाभाग ती कुरडयांच्या शेजारी उन्हात वाळत घालतात, तीसुद्धा दिवसचे दिवस. २००६ साली लायकाचा एम८ कॅमेरा आला, तर त्यात काळे सिंथेटिक कपडे जांभळे दिसायचे. लाँड्रीवाल्याने असं केलं असतं तर आपण त्याला उभा सोलला असता. इथे कंपनीने दोन फिल्टर फुकट दिले, ओरडा शमला, आणि आता त्याच खोडीपायी कृष्णधवल फोटोंसाठी त्याचं कौतुक चालतं!

आमच्या काळी घरोघरी बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. रोलमध्ये फोटो बारा. कडा पुसट आल्या की स्टुडिओवाल्याशी भांडण ठरलेलं. आता तसल्याच पुसट कडांना 'व्हिंटेज लुक' म्हणायचं आणि वर जास्त दर लावायचा.

कळस तर पुढेच आहे. मुळशीच्या पावसात कपाटातल्या चपलांना बुरसा येतो, तिथे लेन्स कशी सुटेल? फंगस काचेवरचा लेप खाते, जाळं पसरतं, साफ केलं तरी कधी कधी वण राहतो. शहाणी माणसं सिलिका जेलच्या पुड्या घालून डबा घट्ट लावतात. या हेलिऑसवाल्याने मात्र आपल्या लेन्समधलं जाळं आम्हाला उजेडात धरून दाखवलं, पहिलटकरणीने बाळाचं जावळ दाखवावं इतक्या लाडाने. म्हणाला, "उजेड कसा मऊ होतो बघा. कॅरेक्टर आहे हो!"

बरं, असेल कॅरेक्टर. पण आमच्याच पोरीचा अल्बम आला आणि तिच्या गालावरचा जन्माचा तीळ गायब! विचारलं, तर म्हणे रिटचिंग पॅकेजमध्येच येतं. म्हणजे लेन्सवरची बुरशी ते कॅरेक्टर, आणि आमच्या पोरीचा तीळ तेवढा डाग?

मुलीच्या आजीने निकाल एका वाक्यात लावला. "बाळा, आधी तीळ आणून दे, मग उरलेले पैसे ने."