आवाज येतो, शब्द येत नाहीत

पाचोडच्या मोसंबी मार्केटात कमी ऐकू येणारा माणूस ओळखूच येत नाही. तिथे सगळेच ओरडतात. लिलाव पुकारणारा ओरडतो, व्यापारी ओरडतो, हमाल ओरडतो आणि ज्याचा माल असतो तो शेतकरी भाव ऐकून ओरडतो. जनावरांच्या बाजारात तर त्याहून सोय. रुमालाखाली हात घालून बोटांनी सौदा करायची आपली जुनी पद्धत अशी, की त्यात कानाला कामच नाही. पैठण तालुक्यातल्या अशा गजबजलेल्या बाजारगावात माणसाचे कान सत्तरीपर्यंत बिनबोभाट खपून जातात. त्यांचं बिंग फुटतं ते संध्याकाळी, घरच्या टीव्हीपुढे.

मालिकेतली थोरली जाऊ म्हणते, "आईंना काशीला पाठवायचं ठरलंय." खाटेवरचे आबा ताडकन उठून बसतात. "फाशीला? म्हातारीनं असं केलं तरी काय?"

नातू हसून लोळतो. सूनबाई सांगतात, "फाशी नव्हं आबा, काशी." आबा रिमोट घेऊन आवाज १८ वरून ३० वर नेतात. आता जाऊबाई शेजारच्या तीन घरांना ऐकू जातात. आबांना मात्र अजूनही फाशीच ऐकू येते. मग ठरलेला निकाल: "आजकालचे नट तोंडातल्या तोंडात बोलतेत."

हा आरोप निम्मा खरा आहे, आणि तेवढ्यासाठी आबांची बाजू घेतलीच पाहिजे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, त्यानंतर घरोघरी आलेल्या त्या पेटाऱ्यांचा स्पीकर बहुधा पुढच्या बाजूला, बघणाऱ्याच्या तोंडावर असे. आता टीव्ही पापडाएवढा झाला. स्पीकर खाली नाहीतर मागे गेला, त्यामुळे संवाद आधी भिंतीला ऐकू जातो आणि उरला तर आबांना. त्यात मालिकेचं पार्श्वसंगीत! सासूने भुवई उचलली की ढॅण्, सुनेने वळून पाहिलं की पुन्हा ढॅण्. चित्रपटांचा आवाज थिएटरातल्या अनेक स्पीकरांसाठी बेतलेला असतो. त्यात संवादाला मधला स्वतंत्र स्पीकर मिळतो. घरच्या दोन चिमुकल्या स्पीकरांत सगळी खिचडी होते. ख्रिस्तोफर नोलनचा 'टेनेट' २०२० साली आला, तेव्हा धडधाकट कानांच्या तरुणांनीही संवाद कळत नाहीत म्हणून बोंब मारली होती. बातम्यांतल्या चर्चेचं तर बोलायलाच नको. तिथे सहाजण एकदम बोलतात; त्यांचं त्यांना कळत असेल तर तो चमत्कारच.

उरलेला निम्मा दोष मात्र कानाचा.

वयाबरोबर ऐकू येणं सरसकट कमी होत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे, बारीक आवाज. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. उंच पट्टीवाल्या पेशी अगदी तोंडाशी, वेशीजवळच्या गवतासारख्या: आत येणारा प्रत्येक आवाज त्यांच्यावरूनच पुढे जातो. माणसाच्या या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. भाषेची गंमत अशी, की आ, ऊ, ओ हे स्वर खालच्या पट्टीत दणदणीत वाजतात, तर स, श, फ, थ ही व्यंजनं वरच्या पट्टीत कुजबुजतात. त्यामुळे "मला ऐकू येतं, फक्त कळत नाही" हे आबांचं म्हणणं वैद्यकशास्त्राप्रमाणे अगदी बरोबर असतं. घरातले त्याला वेड पांघरणं म्हणतात. आवाज वाढवला की स्वरच आणखी गरजतात, आणि 'सून' होती तिथे 'खून' पडतो. मालिकेत तेही चालून जातं म्हणा. मोसंबीच्या भावात 'सतरा' हजाराचे 'अठरा' ऐकू आले, की विक्रीची पट्टी हातात पडेपर्यंतच आनंद टिकतो.

या पेशी नुसत्या वयाने नाही, गोंगाटानेही मरतात; आणि शेतकऱ्याचं शांत जीवन ही शहरवाल्यांची भाबडी समजूत. बिनकेबिनचा ट्रॅक्टर, मळणी यंत्र, आणि वरातीत डीजेच्या भिंतीला खेटून नाचणं. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास सोसावा, असा ढोबळ हिशोब आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटं उरतात. आपल्या वराती पंधरा मिनिटांत वेशीतून हलतसुद्धा नाहीत.

पाचोडचं नाव सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांना चांगलं ठाऊक आहे. इथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट, पाचोड' या संस्थेचं किशोरवयीन मुलींबद्दलचं काम त्यांच्या वाचनात असतं. तरीही खेड्यापाड्यांत मोतीबिंदूच्या शिबिराला रांग लागते आणि कानाची तपासणी म्हटलं की लोक कानावर हात ठेवतात. चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो, यंत्र लावलं की म्हातारा, हा न्याय कुणी ठरवला कोण जाणे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून ६५ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना एकदाच ३,००० रुपये देते. त्यात चष्मा, काठी, कंबरेचा पट्टा, गुडघ्याचा पट्टा आणि श्रवणयंत्र सगळं येतं. निवड करायला बसलं की कान शेवटच्या नंबरावर. गुडघा निदान दुखतो तरी. कान बापडा न दुखता जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीड अब्जांहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू येत नाही. म्हणजे आबा एकटे नाहीत, आणि लाजण्यासारखं तर त्यात काहीच नाही. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो, तो डॉक्टर पाच मिनिटांत काढतात. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तर मात्र एक दिवसही थांबू नये. एरवी बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, एवढीच तपासणी. सुई नाही, रक्त नाही.

तेव्हा घरातला टीव्ही गल्लीला ऐकू जात असेल, तर बीडच्या रस्त्याने संभाजीनगर गाठा आणि घाटी रुग्णालयात कान दाखवून या. जाताना सूनबाईंना बरोबर न्या. डॉक्टर काय म्हणाले, ते कुणीतरी नीट ऐकायला हवं.