पिवळा पुणे जिल्हा

ऑक्टोबरात हवामान खात्याचा आठवड्याचा अंदाज आला की नकाशावर अख्खा पुणे जिल्हा बहुधा पिवळा दिसतो. पिवळा म्हणजे सावध राहा. आणि हे सावध राहणं ताम्हिणीपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांनी सारखं वाटून घ्यायचं. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दौंड-बारामतीच्या शेतकऱ्याला साधारण तेवढ्यावर वर्ष काढावं लागतं. खातं चुकतं ही तक्रार जुनी आहे, पण माझ्या मते खातं फारसं चुकत नाही. चुकलाय तो जिल्हा. हे खात्यालाही ठाऊक असावं, कारण पावसाळ्यात ते पुण्याचा घाटभाग वेगळा काढून इशारा देतं. पण मुळशी तालुक्याचं तेवढ्यानंही भागत नाही. एका टोकाला हिंजवडीच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचं धुकं, आणि दोघांचं तहसील कार्यालय पौडला! मुळशीत पडलेलं पाणीसुद्धा जिल्ह्याची हद्द मानत नाही. टाटांच्या धरणातून ते रायगडातल्या भिऱ्याला उतरतं आणि तिथे वीज करतं. मग ढगानेच तेवढी हद्द का पाळावी?

जुलैत अंदाज सांगणं त्यातल्या त्यात सोपं असतं. मोसमी वारे शेकडो किलोमीटरचं आभाळ घेऊन येतात, त्यामुळे घाटात पाऊस पडेल हे पौडचा चहावालाही छातीठोक सांगू शकतो. ऑक्टोबरात वारे परतीला लागतात, ऊन चटके देतं, जमिनीतली ओल वर चढते आणि दुपारी तीन-साडेतीनला चार-पाच किलोमीटरचा एखादा ढग कुठेतरी उभा राहतो. तासाभरात गडगडून, कोसळून तो मोकळाही होतो. असा ढग माण गावाला जाईल की मुठा खोऱ्यात, हे चार दिवस आधी त्या ढगालाही ठाऊक नसतं. म्हणून खातं ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणतं. खात्याच्या हिशेबात याचा अर्थ फार तर पाव भागातल्या केंद्रांवर पाऊस. आता हा पाव कोणाचा, हे जो तो सोयीने ठरवतो. गोधड्या वाळत घालणारा स्वतःला उरलेल्या पाऊण भागात धरतो. इंद्रायणी भात कापून खाचरात पसरलेला शेतकरी मात्र स्वतःला पावातच धरतो, आणि शहाणा तोच. गोधडी उद्या पुन्हा वाळते. भिजलेल्या लोंबीला मोड आले की पीक गेलं.

यावर कोणी म्हणेल, त्यापेक्षा आपलं पंचांग बरं. हस्त नक्षत्र, वाहन अमुक, विषय संपला. पंचांगाची एक सोय मलाही मान्य आहे: वाहन बेडूक असून पाऊस आला नाही, तर बेडकाला कोणी जाब विचारत नाही. पण एकच बेडूक ताम्हिणीला आणि दौंडलाही पुरवायचा, म्हणजे खात्याच्या पिवळ्या रंगाहून हा कारभार वेगळा कुठे झाला? दुसरा आक्षेप फोनवाल्यांचा: ॲप तर पौडला साडेतीन वाजता ४० टक्के पाऊस असं नेमकं सांगतं. नेमकं सांगणं आणि खरं सांगणं यांत फरक असतो, हे निवडणुकीच्या मोसमात आपल्याला कळतं, ऑक्टोबरात कळत नाही. त्या आकड्यामागे बहुधा पृथ्वीचे काही किलोमीटरांचे चौकोन पाडून केलेलं गणित असतं, आणि तसल्या चौकोनात सह्याद्रीचा कडा व त्याखालची दरी यांची सरासरी निघून त्यांच्या जागी सौम्य उतार तयार होतो.

मग आठवड्याचा अंदाज वाचायचाच कशाला? सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक पुढे किती फुगते, हे एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवलं. त्यामुळे सातव्या दिवसाचा अंदाज हा आशीर्वादासारखा घ्यावा. पहिले दोन-तीन दिवस मात्र भरवशाचे, आणि कापलेला भात वाळायला साधारण तेवढेच लागतात. त्या-त्या दिवसाची नड खात्याचे तीन तासांचे इशारे भागवतात, आणि विजेसाठी पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे. खात्याने मुळशीला घाट आणि सपाटी असे दोन रंग द्यावेत, ही मागणी रास्त आहे. तोवर कापणी करणाऱ्यांनी पिवळा रंग आपल्यासाठीच आहे असं समजावं, आणि रविवारी ताम्हिणीला येणाऱ्यांनी छत्री आणावी, पण धाब्यावर बसून खात्याला शिव्या घालू नयेत.