विकलेल्या कुत्र्याचा बाप

अण्णा वाघ्याचे खरे मालक झाले, ते त्याला विकल्यावर. त्याआधी सव्वा वर्ष वाघ्या त्यांच्याच अंगणात वाढला होता. पण त्याला भाकरी घालायच्या काकू, त्याच्या गोचिड्या काढायचा शेजारचा पोरगा, आणि अण्णांचा संबंध 'याला आधी सोप्यातनं बाहेर काढा' एवढ्या वाक्यापुरता. मग तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आले, बारा हजारांना सौदा ठरला, वाघ्या पिकअपच्या हौद्यात बसून गेला, आणि त्या रात्री अण्णांना जेवण गेलं नाही.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. बांध, विहिरीतली पाळी, चुलतभावांचं वाटप यावर आमची चूल पेटते. पण मधूनच एखादा पक्षकार असा येतो, की त्याने वस्तू राजीखुशीने विकलेली असते, पैसे मोजून घेतलेले असतात, आणि तक्रार एवढीच असते की घेणारा ती वस्तू स्वतःची असल्यासारखी वागवतोय! म्हैस विकणाऱ्यांत ही लागण कमी. म्हैस दावणीवरनं सुटली की धारेचा हिशेब संपला. कुत्रं विकणाऱ्यांचा हिशेब मात्र विक्रीच्या दिवशी सुरू होतो. या मंडळींचे शिरोमणी म्हणजे आमचे अण्णा.

अण्णा निवृत्त तलाठी. ज्यांना सातबारा वाचता येतो त्यांना ठाऊक असेल, की जमीन विकली, फेरफार मंजूर झाला, नवा मालक कब्जात बसला, तरी 'इतर हक्क' नावाच्या रकान्यात कुणीतरी जुना माणूस चिवटपणे तग धरून असतो. कुणा आत्याचं नाव, कुण्या सोसायटीचा बोजा, कुणाचा पाण्यातला हिस्सा. सगळी नोकरी तो रकाना भरण्यात गेलेल्या माणसाला, एखादी चीज बिनबोजा आणि कायमची दुसऱ्याची होऊ शकते हे पटणार कसं? अण्णांच्या मते वाघ्याच्या मालकी हक्कात बागायतदारांचं नाव लागलेलं आहे, त्याला त्यांची हरकत नाही. पण इतर हक्कात अण्णा आहेत आणि राहणार.

वाघ्या जातीने कारवानी. जत, सांगोला, मंगळवेढ्याच्या माळावर ही कुत्री पिढ्यान्पिढ्या आहेत. लांबोडकं तोंड, खोल छाती, कमरेत आत गेलेलं पोट, आणि पळायला लागला की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यावी. कानाला-शेपटीला केसांचे झुपके असले तर त्याला पश्मी म्हणतात. पूर्वी हे कुत्रं सशामागे सोडायचे. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर ससा दिसला तरी मालक आधी आजूबाजूला फॉरेस्टवाला आहे का ते बघतो. सीमेपलीकडचा मुधोळ हाउंड हा याचाच भाऊबंद. टपाल खात्याने 2005 साली मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, तेव्हापासून अण्णा घरच्या प्रत्येक पिल्लाची ओळख 'ह्याच्या चुलत्याचं तिकीट निघालंय' अशी करून देतात. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली असं सांगतात. देऊन टाकल्यावर राजेसाहेब दर रविवारी 'जरा बघून येतो, खातंय का नीट' म्हणून लंडनला जात असत, असं मात्र कुणी सांगत नाही.

अण्णा जात. पहिल्या रविवारी सहज गेले. दुसऱ्या रविवारी डॉक्टरने दिलेलं जंताचं औषध घेऊन गेले. तिसऱ्या रविवारी रिकाम्या हाताने गेले, पण टेप घेऊन. त्यांनी वाघ्याच्या छातीचा घेर मोजला, वहीत लिहिला आणि बागायतदारांना म्हणाले, 'दोन बोटं कमी भरतोय.' त्यानंतर ते वेळकाळ न पाहता जाऊ लागले. बागेच्या मधून जाणारी पायवाट त्यांनी इतकी तुडवली, की अजून वर्षभर गेले असते तर त्यांनी वहिवाटीचा दावा लावला असता. ऑक्टोबर छाटणी चालू आहे, फवारणीचा ट्रॅक्टर उभा आहे, मजूर बसलेत, आणि अण्णा बांधावर उभे राहून विचारतायत, 'ह्याला साखळी कुणी घातली?'

बागायतदार माणूस सोशीक. पण एकदा माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, 'वकीलसाहेब, डावणी परवडली. तिला औषध तरी असतंय.'

अण्णांचं दुःख वेगळं होतं. वाघ्याची आबाळ होत असती तर ते हसत परत आले असते. 'मी म्हणलंच होतं' असं चार जणांना सांगून सुखाने झोपले असते. पण वाघ्याला तिथे रोज दोन अंडी होती, अंघोळीला वेगळा साबण होता, आणि थंडी पडल्यावर बागायतदारांच्या मुलीने त्याला लाल स्वेटर घातला. अण्णांना तो स्वेटर जिव्हारी लागला. 'माळावरचं जनावर हाय ते, वकील! स्वेटर?' त्यांचा आवाज चढला. शिवाय नाव बदललं होतं. वाघ्याचा रॉकी झाला होता आणि तो त्या नावाला शेपूट हलवत होता. नावातल्या बदलाला जाहीर नोटीस लागते, हरकती मागवाव्या लागतात, हे अण्णा मला बराच वेळ समजावून सांगत होते.

त्यातच एका यात्रेतल्या श्वान स्पर्धेत रॉकीने पहिला नंबर काढला. ढाल मिळाली, फेटा मिळाला, गावच्या ग्रुपवर फोटो आला. फोटोत रॉकी, बागायतदार, त्यांची मुलगी, सरपंच, सरपंचांचा मेहुणा असे सगळे होते. अण्णा नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्ट उघडायच्या आत ते माझ्या ओट्यावर हजर.

'मला माझा कुत्रा परत पाहिजे. व्यवहार पुरा झालेलाच नाही.'

आणि इथे अण्णांमधला तलाठी दिसला. बारा हजारांपैकी अकरा त्यांनी घेतले होते. राहिलेले हजार द्यायला बागायतदार तीनदा आले, आणि तिन्ही वेळा अण्णांनी 'राहू द्या की, पळून चाललाय काय तुम्ही' म्हणून ते परत पाठवले. आम्हाला वाटलं होतं माणूस मोठ्या मनाचा आहे. त्यांनी फाईल उघडी ठेवली होती!

मी त्यांना 1930चा वस्तुविक्री कायदा सांगितला. कायद्याच्या लेखी कुत्रा ही जंगम मालमत्ता, म्हणजे टेबल-खुर्चीच्याच पंगतीत. ठराविक वस्तू, देण्याजोग्या स्थितीत, बिनशर्त विकली, की कलम 20 प्रमाणे सौदा झाला त्याच क्षणी मालकी जाते. पैसे नंतर द्यायचे ठरले तरी जाते. बाकी राहिलेल्या हजाराचा दावा लावता येईल, कुत्र्याचा नाही.

'बिनशर्त कुठं?' अण्णा म्हणाले. 'मुदत खरेदी होती ती. पैसे परत केले की माल परत.'

'तशी अट त्याच कागदात लिहिलेली लागते.' हे मी कुणाला सांगत होतो! गावातल्या निम्म्या मुदत खरेद्यांची नोंद ज्या हातांनी झाली, त्या हातांच्या धन्याला.

'कागदच नाही तर अट कुठं लिहायची?' अण्णांनी विचारलं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिल्ह्याच्या कोर्टातही नसावं.

शेवटी मी दुसरी बाजू काढली. 2017 साली केंद्राने कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम केले. पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, विकण्याआधी कुत्र्याला मायक्रोचिप बसवायची. म्हटलं, अण्णा, दरवर्षी तुमच्या कुत्रीची पिल्लं जातात. कोर्टात उभे राहिलात तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. अण्णांनी चष्मा काढून पुसला. सरकारी माणूस सगळ्याला भिडतो, नोंदणीला भिडत नाही. दाव्याचा विषय त्या दिवशी मिटला.

शहरातली हीच जात जरा सफाईदार असते. तिथे लॅब्राडोर विकणारा दारात येत नाही, व्हिडिओ कॉल करतो. 'मागे तो सोफा आहे का? सोफ्यावर चढू देता का त्याला?' असं गोड आवाजात विचारतो. वंशावळीच्या कागदात त्याच्या केनेलचं नाव कुत्र्याच्या नावाला आडनावासारखं जन्मभर चिकटलेलं असतं, त्यामुळे त्याचा इतर हक्क छापीलच असतो. अण्णांना असला आधार नाही. त्यांना सगळं पायपिटीवर करावं लागतं.

दावा मिटला म्हणून अण्णा थांबले नाहीत. एका दुपारी ते सदऱ्याच्या खिशात खारी भरून बागेत गेले, वाघ्यासमोर खिसा हलवला आणि उलट्या पावलांनी रस्त्याकडे चालू लागले. बागायतदारांच्या मजुराने मोबाईलवर शूटिंग केलं. ते शूटिंग घेऊन बागायतदार माझ्याकडे, आणि मला हसू आवरेना. कारण 1860च्या दंड संहितेत, चोरीची व्याख्या करणाऱ्या कलम 378 खाली, एक दाखला नेमका हाच आहे: एका माणसाने खिशात कुत्र्याचं आमिष ठेवलं, दुसऱ्याच्या कुत्र्याला आपल्यामागे ओढलं, हेतू लबाडीचा असेल तर कुत्रा मागे चालू लागताक्षणी चोरी पुरी झाली. 1 जुलै 2024 पासून दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, चोरीचं कलम 303 झालं, बरंच काही इकडचं तिकडे झालं. पण खिशातलं आमिष आणि तो कुत्रा जागेवरच राहिले. कायदा करणाऱ्यांनी अण्णांना आधीच पाहून ठेवलं होतं.

मी अण्णांना बोलावून दाखला वाचून दाखवला. ते गंभीर झाले. मग पडेल आवाजात म्हणाले, 'पण चालू लागलाच नाही ना तो. खारी खाल्ली आणि जाऊन सावलीला बसला.'

चोरी न झाल्याचं एवढं वाईट वाटलेला आरोपी मी पाहिलेला नाही.

प्रकरण पोलिसांत जाऊ नये म्हणून ते तंटामुक्त समितीपुढे आलं. 2007च्या स्वातंत्र्यदिनी राज्याने महात्मा गांधींच्या नावाने ही मोहीम सुरू केली, तेव्हा गावोगावी समित्या झाल्या, बक्षिसं लागली, पाट्या रंगल्या. आमच्याकडे पाटी फिकी झाली, पण अध्यक्षांना अजून अध्यक्षच म्हणतात. मारुतीच्या देवळात बैठक भरली. वाघ्या उर्फ रॉकी स्वेटरसह हजर होता. अध्यक्षांनी सुचवलं, 'दोघांनी दोन बाजूंनी हाक मारा. ज्याच्याकडं जाईल त्याचा.' लोकांना कल्पना फार पसंत पडली. पोरं तर मोबाईल काढून सरसावून बसली.

आणि अण्णांनीच मोडता घातला. 'काय पोरखेळ चाललाय? कारवानी हाय ते. हाकंला येतं ते कारवानी नव्हं.' मग या जातीचं कुत्रं नजरेवर चालतं, आवाजावर नाही; लांबवर काही हललं तर धावेल, पण नाव घेऊन बोंबललात तर मान फिरवून बसेल; त्याला मारायचं नाही, कोंडायचं नाही, जेवणानंतर लगेच पळवायचं नाही, असं त्यांनी समितीला समजावलं. ज्या माणसाने सव्वा वर्षात कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, त्याला इतकं ठाऊक होतं. बागायतदार नकळत पुढे सरकून ऐकू लागले. 'मग अंडी किती द्यावीत?' त्यांनी मधेच विचारलं. अण्णा म्हणाले, 'एक. आणि ते मेणकापड काढा त्याच्या अंगावरचं.'

'स्वेटर आहे तो,' मुलगी म्हणाली.

अध्यक्षांनी लेखी समझोता करायला सांगितलं. मी म्हटलं, शंभराचा स्टॅम्प गेला, आता पाचशेचा लागतो. हे ऐकून दोन्ही पक्ष एकदम तडजोडीच्या मनःस्थितीत आले. त्यातच बागायतदारांचा बांध फुटला. त्यांनी साखळी अण्णांच्या हातात दिली. 'न्या अण्णा. तुमचाच आहे. अकरा हजारपण नकोत मला. फक्त रविवारी मला बागेत काम करू द्या.'

देवळात सगळे गप्प झाले. अण्णांनी साखळीकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग दारात उभ्या काकूंकडे. काकूंनी तिथूनच आवाज दिला, 'घरी आणायचा असंल तर भाकरी कोण थापणार, गू कोण काढणार, ते आधी समितीत लिहून घ्या.'

अण्णांनी साखळी परत दिली. 'ऐन छाटणीत राखणीचं कुत्रं नेणं बरं दिसत नाही,' ते अध्यक्षांना म्हणाले. 'माणुसकी म्हणून सोडतो. पण ह्याच्या पोटचं पहिलं पिल्लू माझं.' वाघ्या नर असल्यामुळे ही अट कुणालाच जड गेली नाही.

त्यानंतर अण्णांनी राहिलेले हजार रुपये घेतले आणि पावतीसुद्धा दिली. बागायतदारांनी मला द्राक्षाची पेटी पाठवली. महिनाभर शांततेत गेला. परवा कळलं, अण्णांनी घरातली जुनी एम-एटी विकली. घेणारा पोरगा काल संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. म्हणाला, 'साहेब, गाडीबद्दल काही तक्रार नाही. पण अण्णा रोज सकाळी सहाला येतात, दोन किका मारतात, आवाज ऐकतात, आणि ऑइल कुठलं घातलंस म्हणून विचारून जातात. हजार रुपये बाकी आहेत, ते घेतच नाहीत.'