वेगळी चूल

२०१२ साली पायथनच्या ३.३ आवृत्तीने प्रत्येक प्रकल्पाला वेगळी चूल मांडायची सोय करून दिली. तिचं नाव ‘व्हेन्व’. तेव्हापासून आम्ही वाणसामान भरतो थोरल्या घरात आणि उपाशी बसतो धाकट्याच्या. पॅकेजं बसवणारं पिप सांगतं, ‘जँगो आधीच बसवलंय.’ सर्व्हर विचारतो, ‘कोण जँगो?’ दोघंही खरंच बोलतात. फक्त दोघांचे पायथन वेगळे. मग तीनदा काढून पुन्हा बसवणं, लॅपटॉप बंद-चालू, शेवटी नशिबाला बोल. खरं तर ‘पायथन -एम पिप’ लिहिलं, की सामान त्याच पायथनच्या दारी उतरतं. ‘एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टिव्हेट करायला विसरलात का?’ असं जँगोची मॅनेज फाइल चक्क विचारतेसुद्धा. पण एरर शेवटपर्यंत वाचणं हे शिकाऊंचं काम. आम्ही पडलो सीनियर!